सोड म्हटल्याशिवाय

आमच्या अनसिंगच्या घरी ओसरीच्या कोपऱ्यात बाभळीचा एक ठोकळा असतो. कधी तो दाराला अडसर म्हणून लागतो, कधी माठाखाली, कधी नुसताच पडून राहतो. नव्या माणसाला वाटेल, चुलीत घालायचा राहून गेला. पण उचलून उलटा केला की एका बाजूला वाटीच्या बुडाएवढा खळगा दिसतो, गुळगुळीत आणि काळपट. त्या खळग्याला मी दर खेपेला नाक लावते. मला त्यात अजून ब्रेक ऑइलचा वास येतो, गोडसर, थोडा मासळीकडे झुकणारा. दादा म्हणतो, "काई वास गिस येत नाई, तुह्या नाकातच तेल हाय." असेल. नाक माझं आहे, मला येतो तो येतो.

हा ठोकळा बाबांच्या जीपचा. बाबा मालेगाव, वाशीम, अनसिंग या रस्त्यावर सवाऱ्यांची जीप चालवायचे. ती जीप केव्हाच गेली. कशी गेली, कोणी नेली, हे आमच्या घरात कोणी काढत नाही आणि मीही काढणार नाही. जीपबरोबर तिचे पाने गेले, जॅक गेला, तेलाचे डबे गेले. ठोकळा तेवढा राहिला, कारण तो लाकडाचा होता आणि नेणाऱ्यालाही ते चुलीत घालायचं लाकूडच वाटलं.

परवाच्या रविवारी तो पुन्हा कामाला आला.

त्याचं असं झालं, की मी अकोल्याहून पातूरचा घाट उतरत होते. अकोल्याला माझं शिवणाचं दुकान आहे आणि कापडाचे गठ्ठे आणायला मी एक जुनी छोटी कार घेतली आहे. उतारावर पुढे ट्रक, आणि मी सारखा ब्रेकवर पाय ठेवून. एका वळणाआधी पायाखालचं पायडल मऊ पडलं. दाबलं तर जातच राहिलं, चिखलात पाय जावा तसं. घाबरून मी ते पुन्हा पुन्हा दाबलं, तेव्हा कुठं थोडं वर आलं आणि गाडी सावरली. उरलेला घाट दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत उतरले. मेडशीला थांबून चहा घेतला, तोवर पायडल जवळजवळ होतं तसं झालं होतं, आपण त्या गावचेच नाही असं. पुढे मालेगाव, वाशीम करत बैलगाडीच्या चालीनं घरी पोचले.

बाबा अंगणात शेवग्याखाली खुर्चीत बसले होते. गाडीचा आवाज आला की ते मान वळवतात. बोलत नाहीत. मागच्या उन्हाळ्यात त्यांना लकवा मारला, तो उजवा हात आणि वाचा दोन्ही घेऊन गेला. पाय काठीच्या आधाराने चालतो, समजतं सगळं, हसू आलं तर अर्ध्या तोंडाने हसतात. पण तोंडातून शब्द नाही. ज्यांच्या बोलण्यासाठी माणसं एक गाडी सोडून त्यांच्या जीपची वाट बघत थांबायची, ते आमचे बाबा. डॉक्टर म्हणाले होते, बोलत राहा त्यांच्याशी, एखाद वेळी शब्द परत येतात. म्हणून आई रोज त्यांच्यापुढे पेला धरून बसायची. "पाणी म्हना. पा... णी." ते जोर लावायचे, मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, आणि घशातून नुसता घोगरा वारा यायचा. एक दिवस त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवसापासून आईने विचारणं बंद केलं. मला फोनवर म्हणाली, "मले पाणी न् भाकर काई नाई पायजे त्यायच्या तोंडून. एक शब्द आयकाचा हाय, कोनताबी. शिवी देल्ली तरी चालन." आणि मग तिने सोयाबीनच्या सोंगणीचं काहीतरी काढलं.

तर असं घर, आणि त्यात मी मऊ ब्रेकची गाडी घेऊन आले.

दादा वाशीमच्या एका गॅरेजात काम करतो. रविवार त्याचा सुटीचा दिवस, पण गाडीचं दुखणं ऐकलं की त्याला राहवत नाही, ही खोड बाबांची. तो गाडीत बसला. आधी पायडल हळूच दाबलं. ते बरंच खाली गेलं. मग भराभर दाबलं, तर वर आलं आणि टणक झालं. मग दाबून धरून ठेवलं आणि डोळे मिटले. पाय खाली सरकतो का, ते तो पाहत होता. नाही सरकला. उतरून त्याने चारी चाकांच्या आतल्या बाजूंनी हात फिरवला आणि बोटं उन्हात धरली. कोरडी होती.

"गयती नाई," तो म्हणाला. "हवा हाय. मारलं की वर येते म्हंजे हवाच." मग बॉनेट उघडून ब्रेकच्या तेलाची डबी पाहिली. आतलं तेल टपरीवरच्या सकाळपासून उकळलेल्या चहासारखं. "हे कधी बदललं व्हतं वं?"

"ब्रेकचं तेल बदलावं लागतं?"

दादाने शेवग्याकडे पाहिलं. "आयकलं का बाबा, तुमची पोरगी काय म्हनून राह्यली!"

बाबांचं अर्धं तोंड हललं. मला तेवढ्यानेही बरं वाटलं.

मग दादाने समजावलं. हे तेल जुनं झालं की हवेतलं पाणी पितं. लांब उतारावर ब्रेक तापले की ते पाणी तेलातल्या तेलात उकळतं आणि त्याची वाफ होते. तेल दबत नाही, वाफ दबते. पायाचा जोर वाफच खाऊन टाकते, चाकापर्यंत पोचतच नाही. थंड झालं की बरीचशी वाफ जिरते आणि ब्रेक साळसूद होतो, पण थोडी हवा आत उरतेच.

"तेल दबत नाई," तो पुन्हा म्हणाला, आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. हे वाक्य त्याचं नव्हतं.

हे वाक्य बाबांचं. मी लहान असताना त्यांनी गुरांच्या डॉक्टरकडून दोन वापरलेल्या पिचकाऱ्या आणल्या होत्या, सुया काढून, उकळून घेतलेल्या. एक मोठी, एक लहान. दोघींच्या मध्ये सलाईनची नळी, आणि सगळ्यात पाणी गच्च भरलेलं. मोठी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "दोन्ही हातानं दाबून धर. सगया जोर लाव." मी दात-ओठ खाऊन धरली. त्यांनी करंगळीने लहान पिचकारी दाबली आणि माझे दोन्ही हात मागे सरले. मी किंचाळले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग त्यांनी नळीत थोडी हवा जाऊ दिली, आणि आता करंगळी दाबली तरी माझे हात ढिम्म. "पाह्यलं? तेल दबत नाई पोरी, पाणी दबत नाई. हवा दबते. हवा लबाड हाय. जोर सारा गिळून टाकते न् पायाले पत्ता लागू देत नाई."

मला त्या रात्री झोप आली नाही. भरलेली जीप, आत माणसं, मागच्या पायरीवर माणसं, टपावर ज्वारीची पोती आणि सायकली, हे सगळं वाऱ्यासारखं निघालेलं असताना बाबा एक पाय खाली दाबतात, बोटाएवढ्या नळीतलं पातळ तेल हलतं, आणि चारी चाकं एकाच वेळी थांबतात. देव वगैरे आमच्या घरात नव्हता. पण कुणी मला तेव्हा विचारलं असतं की जगात थोर काय, तर मी ब्रेकची नळी दाखवली असती. आज विचारलं तरी फारसा फरक पडणार नाही.

हवा काढायचं काम दोन माणसांचं. एक पायडलवर, एक चाकाशी. चाकाशी बाबा. पायडलवर आई.

आईने आयुष्यात गाडी चालवली नाही. पण जीपमध्ये ड्रायव्हरच्या जागेवर ती जितक्या वेळा बसली असेल तितक्या वेळा गावातल्या ड्रायव्हरांच्या बायका नुसत्या शेजारीही बसल्या नसतील. लुगडं आवरून, चपला खाली काढून, अनवाणी पाय पायडलवर. चपलेतून कळत नाही, म्हणायची. पायडलखाली हा ठोकळा. रोज पायडल जेवढं जातं त्याच्यापुढे, यंत्राच्या पोटात मळ साचलेला असतो. पायडल पार तळाला नेलं तर आतलं रबर त्या मळावर घासून फाटतं. म्हणून ठोकळा. पायडल तिथवर आलं की टोक असा आवाज व्हायचा.

बाबा जीपच्या खाली. चाकाच्या मागे हवा काढायची एक छोटी चावी असते, तिला सगळे निपल म्हणतात. तिच्यावर सलाईनची नळी, आणि नळीचं दुसरं टोक खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत, थोड्या तेलात बुडालेलं. मग सुरू व्हायचं.

"मार. मार. मार. धर!"

"धरलं!"

बाबा निपल सैल करायचे. फुस्स करत तेल यायचं, बाटलीत बुडबुडे, आणि आईचा पाय खाली जायचा, टोक.

"टेकलं!"

बाबा निपल आवळायचे. आवळून झालं की, आणि झालं की मगच, म्हणायचे, "सोड."

"सोडलं!"

यात सगळा जीव त्या शेवटच्या 'सोड'मध्ये होता. निपल उघडी असताना पाय उचलला, तर निघालेली हवा तोंड फिरवून पुन्हा आत शिरते आणि सकाळपासूनची मेहनत पाण्यात. लग्नानंतर पहिल्यांदा पायडलवर बसली तेव्हा आईने तेच केलं होतं म्हणे. तेव्हा बाबांनी जीपखालूनच सांगितलं, "म्या सोड म्हटल्याबिगर सोडाचं नाई. आभाय कोसयलं तरी."

दोघांच्या मध्ये अख्खी जीप. तिला ते दिसत नसत, त्यांना ती दिसत नसे. एरवी माणसांसमोर ती दोघं एकमेकांशी मोजकंच बोलायची. 'अवं' आणि 'आयकलं का' याच्या पलीकडे हाक नव्हती. पण त्या वेळी मोठ्यांदा, साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी. धर. धरलं. टेकलं. सोड. सोडलं. शेजारच्या म्हाताऱ्या हसायच्या, "चाललं वाट्टे नवरा-बायकोचं." मला तेव्हा त्यात हसण्यासारखं काय ते कळायचं नाही. मला तो विहारातल्या वंदनेसारखा काहीतरी नेमाचा भाग वाटायचा, एकाने म्हणायचं, दुसऱ्याने मागून म्हणायचं.

आणि ती दुधाची गोष्ट. ती आमच्याकडे इतक्यांदा सांगून झाली आहे की ऐकणाराच आधी हसतो. एकदा आई अशीच पायडल धरून बसलेली. 'टेकलं' म्हणून झालेलं. बाबांनी निपल आवळली, आणि तेवढ्यात रस्त्यावरून त्यांचा कोणी जुना दोस्त गेला. बाबा जीपखालून बाहेर आले, हात पुसले आणि बोलत बोलत पार पिंपळापर्यंत गेले. बोलायला बसले म्हणजे बाबा. इकडे चुलीवर दूध. ते चढलं, उतू गेलं, करपलं, सारं घर करपट वासाने भरलं, आजूबाजूच्या बायका ओरडल्या, "अवं, दूध गेलं वं तुह्यं!" आई जागची हलली नाही. बाबा परत आले तर ती तशीच, पाय ठोकळ्यावर टेकलेला, कपाळावर घाम.

"अवं, तू आजून धरूनच?"

"तुमी सोड म्हटलंच नाई."

बाबा कपाळाला हात लावून खाली बसले, मग हसत सुटले, आणि हसता हसता त्यांच्या तोंडून 'सोड' निघेना. आई म्हणे त्या हसण्यावरच जास्त चिडली.

जीपचे ऋतू वेगळे होते. उन्हाळा म्हणजे तापलेल्या रेक्झिनचा वास, लग्नाच्या वऱ्हाडातल्या बायकांच्या वेण्यांतला मोगरा, आणि उतारानंतर येणारा जळकट वास, जो आला की बाबा गाडी बाजूला घेऊन चाकातल्या ब्रेकच्या ड्रमजवळ हात नेऊन बघायचे, शिवायचे नाहीत. पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यातून जीप निघाली की ब्रेक ओले व्हायचे आणि धरायचे नाहीत. मग बाबा बराच वेळ पाय हलकाच पायडलवर ठेवून हळू चालवायचे, ड्रम वाळवत. जीपमधली सगळी बडबड तेवढ्यापुरती थांबायची. आणि मग ओल्या लोखंडाचा, तापल्या लायनरचा वास आत यायचा, बाबा "वायले" म्हणायचे, आणि गप्पा अडल्या होत्या तिथून पुढे सुरू. हिवाळ्यात सवाऱ्यांच्या धोतरांतून, पदरांतून तुरीच्या हिरव्या शेंगा सांडायच्या. आम्ही संध्याकाळी जीप झाडायला जायचो ते त्या शेंगांसाठी. ब्रेकचं तेल सांडून जीपच्या पुढच्या पत्र्याचा रंग एके ठिकाणी उडाला होता, त्या डागाला आम्ही तळं म्हणायचो. तेल सांडलं की लगेच पाणी ओतायचं, नाहीतर रंग खातं, हे आम्हांला अक्षरं यायच्या आधी येत होतं.

आणि वैशाखातली पौर्णिमा. जीप धुवायची, बॉनेटला पंचशीलाचा झेंडा बांधायचा, मागे पांढऱ्या साड्यांतल्या बायका. अशाच एका पौर्णिमेच्या तोंडावर मामाने एक पराक्रम केला.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, आसेगावला एका शेतकऱ्याकडे ट्रॅक्टर चालवायचा. जीव लावणारा माणूस, पण हात आधी चालायचा आणि डोकं मागून. जीपमधलं ब्रेकचं तेल थोडं उतरलेलं त्याने पाहिलं. बाबांना विचारलं, "भाऊजी, हे ब्रेक कोनते?" बाबा म्हणाले, "हायड्रॉलिक." आमच्या भागात हायड्रॉलिक म्हणजे एकच, ट्रॅक्टरचं, ज्याच्या जोरावर मागचा नांगर उचलतो. मामाने मान डोलावली. पुढच्या खेपेला येताना ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं तेल डबा भरून आणलं, आणि बाबा आंघोळीला गेलेले पाहून प्रेमाने डबी गच्च भरून टाकली.

दोन-चार दिवस काही झालं नाही. मग मालेगावच्या बाजाराहून येताना जीप आपोआप मंदावायला लागली. पाय ब्रेकवर नाही, तरी चाकं धरलेली. घरी आणेस्तोवर ड्रमवर पाणी टाकलं की चर्र वाजत होतं. बाबांनी चाक जॅकवर उचललं, हाताने फिरवलं, फिरेना. निपल सैल केली, तेलाची पिचकारी उडाली आणि चाक मोकळं झालं. निपल आवळली, आईला म्हणाले, "मार एक." मारलं, पाय काढला, आणि चाक पुन्हा अडकलं. म्हणजे दाब जात होता पण परत येत नव्हता, वाटेत कुठंतरी कोंडत होता. मग त्यांनी वर, पायडलजवळच्या मुख्य सिलिंडरची नळी सैल केली. चारी चाकं सुटली. दुखणं तिथं होतं, पायथ्याशी नाही, उगमाशी.

त्यांनी बोट तेलात बुडवलं, दोन बोटांत चोळलं आणि भुवया उंचावल्या. मला म्हणाले, "लोटाभर पाणी आण." पाण्यात त्यांनी डब्यातल्या जुन्या ब्रेक ऑइलचा एक थेंब टाकला. तो विरून गेला, जणू टाकलाच नव्हता. मग जीपमधल्या तेलाचा एक थेंब टाकला. तो पाण्यावर पसरला आणि त्यात रंग उमटले, जांभळे, हिरवे, तांबूस. आम्ही सगळे लोट्यावर वाकलो. एका थेंबाने सगळं सांगून टाकलं होतं. मी तो लोटा संध्याकाळपर्यंत कोणाला रिकामा करू दिला नाही.

सिलिंडर उघडला तर आतलं रबर रात्रभर भिजलेल्या हरभऱ्यासारखं टम्म फुगलेलं. मामा भिंतीला टेकून उभा, तोंड एवढंसं. आईला वाटलं, आता भावाची पूजा होते. बाबांनी ते फुगलेलं रबर बोटात धरून उन्हात पाहिलं आणि म्हणाले, "साल्यानं माह्या ब्रेकले नांगर उचलाले लावलं!" आणि मामालाच पाने धुवायला बसवलं. सगळी रबरं बदलली, नळ्या धुतल्या, नवं तेल भरलं, आणि दुपारभर, ऊन उतरेपर्यंत, आळीत आवाज घुमत राहिला. धर. धरलं. टेकलं. सोड. सोडलं. पौर्णिमेला जीप विहारासमोर अशी अलगद थांबली की झेंड्याचं टोकसुद्धा हललं नाही. असं मामा सांगतो. वारा होता, झेंडा हलत असणारच. पण मीही तसंच सांगते.

तर परवा दादाने गाडीखाली जॅक लावला, नव्या तेलाचा डबा आणला, आणि मला म्हणाला, "बस पायडलवर." मी ओसरीतून ठोकळा आणला. आई दारात उभी होती.

"तिले नको बसवू," आई म्हणाली. "शिलाई मशीन मारून मारून तिचा पाय नाचरा झाला. तिले सोडाची घाई. मी बसतो."

"तुह्ये गुडघे, आई."

"गुडघ्याचं मी पाहीन."

ती मशिनीचं म्हणाली ते खरंच आहे, म्हणून मी वाद घातला नाही. आई धरून धरून गाडीत बसली. चपला बाहेर काढल्या. अनवाणी पाय पायडलवर ठेवला, ठोकळा टाचेने नीट सरकवला, आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसली. मी तिच्या दाराशी उभी होते. दादा मागच्या डाव्या चाकाशी आडवा झाला. बाबांची खुर्ची त्याच्याही मागे, शेवग्याखाली. पुन्हा दोघांच्या मध्ये गाडी.

"मार आई. मार. मार. धर."

"धरलं!" आई एवढ्या मोठ्यांदा म्हणाली की शेवग्यावरच्या चिमण्या उडाल्या. फुस्स झालं. टोक. "टेकलं!"

दादाने निपल आवळली. "ओके," तो म्हणाला. त्याच्या गॅरेजात तसंच म्हणतात.

आईचा पाय हलला नाही.

"ओके आई. झालं."

आई भिंतीकडे बघत होती. पायाचा अंगठा पांढरा पडला होता, गुडघा थरथरायला लागला होता.

"आई, उचल नं वं पाय! आयकू नाई आलं काय?"

तिला ऐकू आलं होतं. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला ते करपलेलं दूध आठवलं. ती मुद्दाम करत होती की तिच्या पायाला दुसरं काही येतच नव्हतं, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि पुढेही विचारणार नाही. मी दादाला सांगायला वळले, तेवढ्यात मागून खुर्चीच्या हातावर थाप पडली. बाबांची, डाव्या हाताची. त्यांचं तोंड लाल झालं होतं. ते रागावले होते. काम अर्ध्यात सोडून बसलेल्या माणसांवर रागवावं तसे रागावले होते. ओठ हलले. घशातला तो घोगरा वारा निघाला, आणि त्या वाऱ्याला शेवटी आकार आला.

"सोड."

दादाच्या हातातला पाना तसाच राहिला. कोंबडी कचरा उकरत होती, तेवढाच आवाज.

"सोडलं," आई म्हणाली. साध्या आवाजात, कालही म्हटलं असल्यासारखं.

दादा मातीतून उठला, माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवलं. मग पुन्हा आडवा झाला. "मार, मार, मार. धर." "धरलं." "टेकलं." त्याने निपल आवळली आणि गप्प राहिला.

"सोड," बाबा म्हणाले.

एवढे महिने पेला पुढे धरून 'पाणी' आलं नाही, आणि हा शब्द आत कुठल्या नळीत भरून राहिला होता कोण जाणे. इकडे पाय दाबला आणि तिकडे तो निघाला. पिचकारीने माझे हात मागे सरले होते तेव्हा वाटलं होतं तसंच मला वाटलं, की हे समोर घडतंय आणि तरी खरं कसं असेल. मध्येच दादाने हळूच विचारून पाहिलं, "बाबा, पाणी?" त्यांनी जोर लावला. नाही आलं. त्यांनी हात झटकला, कामाचं बघ म्हणून. 'टेकलं' म्हटलं की मात्र यायचं, दर वेळी, आधीपेक्षा थोडं नितळ. बाटलीतलं तेलही काळ्या चहाचं फिकं होत होत मधाच्या रंगाचं झालं. मागची चाकं झाली, पुढची झाली. बुडबुडे कमी कमी होत थांबले.

शेवटच्या चाकाची निपल आवळून दादा उठला, हात पुसले, डबीचं झाकण लावलं. "झालं आई. उतर आता."

आई उतरली नाही. पाय पायडलवर तसाच.

"आजून हवा हाय," ती म्हणाली.

दादाने दारातून वाकून तिच्या पावलावरूनच हाताने पायडल दाबून पाहिलं. दगड झालं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नळी उचलून त्याच्या हातात दिली. त्याने झाकण काढलं, नळी पुन्हा लावली आणि आडवा झाला.

"मार," तो म्हणाला. "मार. धर."

"धरलं."

बाटलीत नुसतं स्वच्छ तेल आलं, एक बुडबुडा नाही.

"टेकलं."

"सोड," बाबा म्हणाले.

"सोडलं," आई म्हणाली. आणि थोडं थांबून, समोरच्या भिंतीकडेच बघत, "आजून हाय."